गुळाच्या ढेपेला भगंदर

कोडोलीच्या शिवारात, ओढ्याच्या अलीकडं, एक गुऱ्हाळ आहे. हंगाम संपला की त्या शेडाकडं एरवी कुत्र्यांशिवाय कुणी फिरकत नाही. पण यंदाच्या मे महिन्यात दर गुरुवारी सकाळी आठपासून तिथं अशी गर्दी उसळायची, की पाणंदीत मोटारसायकल लावायला जागा मिळायची नाही. पार गारगोटीहून माणसं यायची. मांडव घातला होता, शंभर खुर्च्या मांडल्या होत्या, आणि गंमत अशी की त्यातल्या एकाही खुर्चीवर माणूस नव्हता. सगळे उभे. कुणी खांबाला टेकलेलं, कुणी या पायावरचा भार त्या पायावर देत ताटकळलेलं.

बसणार तरी कसे? आत उतरलेले लोहनाथ महाराज एकाच जागेचे रोग बरे करत, आणि ती जागा म्हणजे माणूस जिच्यावर बसतो ती. मूळव्याध, भगंदर, गळू, काहीही घेऊन या. धोतर सोडायचं नाही, लुगडं वर करायचं नाही, कुठं दुखतं ते तोंडानं सांगायचंसुद्धा नाही. नुसतं पाटावर बसायचं. या एका सवलतीवर महाराजांनी निम्मा पन्हाळा तालुका जिंकला होता.

पाट लोखंडी, दोन माणसांनी उचलावा एवढा जड. चेला तो ‘गंगाजलात’ भिजवलेल्या फडक्यानं सगळ्यांदेखत पुसून स्वच्छ करी. रोगी त्यावर बसे. हलगी कडाडे. अकरा वेळा नाव घेऊन रोगी उठला, की डोळ्यांवर भगवी पट्टी बांधलेले महाराज भगव्या खोळीतलं काहीतरी जोरजोरात हलवत आणि पाटावर पांढऱ्या भस्माचा फवारा सोडत. फुस्स! मग सगळा मांडव श्वास रोखून बघत राही. दोन-तीन मिनिटांत त्या पांढऱ्या भस्मातून लालभडक रेघा वर यायला लागत. कुणी काढल्या नाहीत, कुणी हात लावला नाही. आपोआप!

“बघा!” महाराज गरजत. “नासकं रगत लोखंडानं वढून घेतलं! एमआरआयला लाईट लागती, आमच्या पाटाला निस्ती भक्ती लागती. लाईट गेल्याव बी चालतोय! आन् डोळं बांधल्यात माझं. म्होरं सरपंच बसलाय का हमाल, मला ठावं न्हाय. पाट कुणाचं त्वांड बघून रिपोर्ट देत न्हाय!”

“हाय का न्हाय?” हंबीररावांनी पुतण्याला कोपरानं ढोसलं. हंबीररावांना तीस वर्षांची मूळव्याध. ती गावात सगळ्यांना माहीत होती आणि ती कुणालाच माहीत नाही असं त्यांना वाटत होतं.

पुतण्या म्हणजे संग्राम. वय चौतीस, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी खात्यात नोकरी. ओतून तयार झालेल्या लोखंडी मालात कुठं चीर नाही ना, हे तपासायचं आणि खराब निघालेला माल बाजूला काढायचा, हे त्याचं काम. साध्या नटबोल्टावरही विश्वास न ठेवणारा गडी त्या दिवशी हात जोडून रांगेत उभा होता.

कारण त्याचं दुखणं दोन वर्षांचं होतं. भगंदर. बैठकीच्या जागेजवळ आतून बाहेर पडलेली एक नळीसारखी वाट, सारखी वाहणारी, सारखी ठणकणारी. दोनदा ऑपरेशन झालं. एकीकडची वाट बुजली की दुसरीकडून फुटायची. कोडोलीहून शिरोलीपर्यंत तो मोटारसायकल उभ्यानं चालवायचा. नाक्यावरच्या पोलिसानं स्टंटवाला समजून त्याला दोनदा अडवला, आणि दोन्ही वेळा संग्रामनं खरं सांगण्याऐवजी मुकाट दंड भरला. लग्नकार्यात तर त्याची कीर्तीच झाली होती. पंगतीत मांडी घालावी लागू नये म्हणून तो आल्या आल्या तांबड्या रश्श्याची बादली हातात घ्यायचा. “पोरगं बघा कसं राबतंय!” असं म्हणत म्हातारी माणसं त्याची पाठ थोपटायची. पाठ थोपटली तर चालायचं. थाप जरा खाली गेली तर संग्राम रडकुंडीला यायचा.

आपल्याकडं गुडघा दुखला तर माणूस चावडीसमोर पाय पसरून चारचौघांना दाखवतो. या जागेचं दुखणं मात्र बायकोपाशी कुजबुजतो, आणि तेही दिवा मालवून. संग्रामनं आईला, चिमणाबाईंना, वर्षभर ‘पाठ दुखतीया’ असंच सांगितलं होतं. चिमणाबाईंनी बिचारीनं सहा बाटल्या तेल त्याच्या पाठीत जिरवलं.

शेवटी बायकोनं, संयोगितानं, त्याला ओढतच कोल्हापुरात डॉ. दीक्षा कांबळे यांच्याकडं नेलं. पोटाच्या आणि आतड्याच्या विकारांच्या डॉक्टर.

“तोंड येतं का वरचेवर?” त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

संग्राम घुटमळला. “डॉक्टर, दुखणं खाली हाय.”

“ते कळलं दादा. मी वरचं विचारते. तोंड येतं का? जुलाब? वजन?”

तोंड येत होतं. त्याला तो उष्णता म्हणायचा. जुलाब होत होते. त्याला तो कॅन्टीनचं तेल म्हणायचा. वजन अकरा किलो उतरलं होतं. त्याला चिमणाबाई सुनेचा स्वयंपाक म्हणायच्या. तीन दुखण्यांवर तीन ठिकाणची औषधं झाली होती. तिन्ही एकत्र ठेवून कुणी बघितलं नव्हतं.

“हे सगळं एकच असू शकतं,” डॉक्टर म्हणाल्या. “क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार असतो. पण टीबीसुद्धा असंच सोंग घेतो, म्हणून मी अंदाजानं औषध देणार नाही. एमआरआय करू, दुर्बीण घालून आतडं बघू, तुकडा तपासू. शनिवारी या. आणि दादा, हे लांबवू नका. आत पू साठत गेला की जागेचं नुकसान होतं, मग ते भरून येत नाही.”

घरी ‘दुर्बीण’ या शब्दानं कहर झाला. “आतड्यात क्यामेरा?” चिमणाबाईंनी कपाळाला हात लावला. “आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या आतड्याचा फोटू काढला न्हाय!” त्याच वेळी हंबीरराव दारात आले आणि त्यांनी पाटाचा महिमा सांगितला.

अशा रीतीनं त्या गुरुवारी संग्राम पाटावर बसला. बसताना जीव कळवळला, डोळे गच्च मिटले, हलगीच्या कडकडाटात अकरा वेळा नाव घेतलं. उठून बघतो तर पाटावर तीन लाल रेघा.

“तिघींनी केलंय!” पट्टीआडून महाराज बोलले. “एक भावकीतली. एक शेजारची. आन् एक घरातलीच, पर परक्या घरनं आलेली! अकरा गुरवार या. तवर डागदर न्हाय, सुई न्हाय. क्यामेरा तर न्हायच न्हाय. क्यामेरा आत गेला की करणी आतड्याला गाठ मारती!”

आता खरी गंमत ऐका. घरी येईपर्यंत संग्रामचं दुखणं थांबलं होतं! विजार मागं लाल झाली होती, ती बघून चिमणाबाई “करणी भायेर पडली गं बाई!” म्हणून हर्षानं रडल्या. त्या दिवशी संग्राम मांडी घालून जेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा. तो एवढा हरखला, की ताटावरूनच त्यानं दवाखान्यात फोन लावला आणि शनिवारची तपासणी रद्द केली.

सासू आता संयोगिताच्या हातचा चहासुद्धा घेत नव्हती. परक्या घरनं आलेली अशी त्या घरात ती एकटीच होती.

रविवारी ठणका परतला. मंगळवारी ताप चढला. बुधवारी सकाळी संयोगितानं धुण्याच्या दगडापासून हाक मारली, “अवो, जरा हिकडं या.”

तिच्या हातात ती विजार होती.

“दोन वर्सं तुमची कापडं माझ्या हातनं धुवून निघाल्यात,” ती म्हणाली. “रगताचा डाग गार पाण्यात सुटतो. पुवाचा साबणात सुटतो. ह्यो डाग गुरवारपास्नं भिजतोय, जराबी हलंना. आन् ह्यो रंग मी आदी बघितलाय.”

“कुठं?”

“तुमच्या कंपनीच्या शर्टाच्या बाहीवर.”

संग्रामनं विजार नाकाशी नेली. मग घरात गेला, कामाच्या पिशवीतून रंग पुसायच्या द्रावणाचा डबा काढला, त्यातले चार थेंब फडक्यावर घेऊन डागावर फिरवले. डाग गेला. तो मटकन पायरीवर बसला, बोंब ठोकून उठला, आणि उभ्या उभ्या हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

कारण हे काम तो रोज चाळीस वेळा करत होता! लोखंडातली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मालावर एक पातळ लाल रंग मारतात. तो चिरेत शिरतो. वरचा रंग पुसून घेतात. माल स्वच्छ दिसतो, पण चिरेतला रंग आतच राहतो. मग वर पांढरी पूड फवारतात. पूड त्या रंगाला शोषून वर ओढते आणि जिथं चीर, तिथं लाल रेघ उमटते. पाटाच्या चिरांतही तोच रंग आधीपासून मुरवलेला होता, आणि दाबून बसल्यावर तोच विजारीला लागला होता. पूड तळाशी बसू नये म्हणून डब्यात एक गोळी असते, त्यामुळं फवारण्याआधी तो खुळखुळ हलवावा लागतो. हलगीच्या आवाजात ती खुळखुळ ऐकू आली नव्हती, आणि उदाच्या धुरात वास कळला नव्हता.

“मग दुखायचं कसं थांबलं?” संयोगितानं विचारलं.

संग्रामनं डॉक्टरांनाच फोन लावला. सगळं सांगितलं, लाजत लाजत, पण सांगितलं.

“लोखंडावर दाबून बसलात तेव्हा आतलं गळू फुटलं, दादा. साठलेला पू निघाला की दोन दिवस आराम पडतोच. पण ते पुन्हा भरतं. भरलंय ना आता? ताप आहे? मग आत्ता इकडं या, आधी तो पू काढायला हवा. तपासण्या याच शनिवारी. आणि या वेळेला शनिवार म्हणजे शनिवार.”

त्याच दुपारी जागेला भूल देऊन पू काढला, औषधं सुरू झाली. ताप उतरला, पण संग्रामचं डोकं मात्र तापलेलंच होतं.

गुरुवारी सगळे पुन्हा गुऱ्हाळावर. चिमणाबाईंच्या डोक्यावर नैवेद्याची दहा किलोची गुळाची ढेप, कारण लोहनाथांना नैवेद्य गुळाचाच लागे. संयोगिताच्या हातात एक जड पिशवी. त्यात काय आहे हे सासूनं विचारलं नाही. दोघींचं बोलणंच बंद होतं.

त्या दिवशी नशीबही संग्रामच्या बाजूनं होतं. हलगीवाल्याला स्वतःलाच मूळव्याध होती, आणि इतके गुरुवार दुसऱ्यांचे चमत्कार बघून तोही रांगेत उभा राहिला होता. त्यामुळं हलगी बंद. पाटाजवळ महाराजांनी खोळ हलवली आणि सगळ्या मांडवाला ऐकू गेलं, खुळ खुळ खुळ.

“ह्यो आवाज?” महाराजांनी लगेच सावरून घेतलं. “आत वेताळ कोंडलाय! दात वाजवतोय त्यो!”

संग्रामचा नंबर आला. चेल्यानं पाट पुसला, आणि तेवढ्यात दारात हंबीररावांनी “माझा नंबर आदी हुता!” म्हणून बोंब मारली. चेला तिकडं धावला. महाराजांच्या डोळ्यांवर पट्टी. संग्रामनं आईच्या डोक्यावरची ढेप उचलली आणि अलगद पाटावर ठेवली.

“आरं, आरं!” चिमणाबाई कुजबुजल्या.

“आये, मला बसवंना. माज्या वतीनं ही बसंल.”

त्यानं मोठ्यानं अकरा वेळा नाव घेतलं, ढेप उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, “उठला, म्हाराज.”

खुळ खुळ. फुस्स. मांडव थबकून बघत राहिला. पांढऱ्यावर एक रेघ आली, दुसरी आली, मग तिसरी.

“लई सोसलंस लेकरा!” महाराज कळवळून बोलले. “किती दीस झालं मांडी घालून बसला न्हाईस! अन्न ग्वाड लागंना झालंय तुला! पर भिऊ नगंस. करणी केलीया ती तुज्याच घरातलीनं, तुज्याच ताटात जेवणारीनं!”

बायडाबाई म्हणून एक म्हातारी पुढं उभी होती. ती म्हणाली, “अवो म्हाराज, गुळाची ढेप हाय की वो ती!”

मागून कुणीतरी ओरडलं, “घरातली म्हंजे काकवी असंल!”

मग जे हसू फुटलं ते काही विचारू नका. ज्यांना हसताना दुखत होतं तेसुद्धा खांब धरून हसले. हलगीवाला तर “आई गं, आई गं!” करत हसत होता. महाराजांनी पट्टी खाली ओढली, ढेप बघितली, आणि माणूस कसलेला, डगमगला नाही.

“ह्या गुळातच करणी हाय!” ते ओरडले. “कुठनं आणली ही ढेप? पाटानं बराबर वळखली!”

हसू कमी झालं. काही माणसांनी माना डोलावल्या. असं होतंच; चमत्कार सोडून देणं जड जातं. संग्रामला ते ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी तोच सगळ्यांच्या पुढं होता.

“बरं,” तो म्हणाला. “गुळात आसंल. मग ह्यो तवा बघा.”

संयोगितानं पिशवीतून बिडाचा जुना तवा काढला.

“आगं, माझा तवा!” चिमणाबाई किंचाळल्या.

संग्रामनं कामावरचे तीन डबे ओळीनं मांडले: लाल रंगाचा, पुसायचा आणि पांढऱ्या पुडीचा. तव्यावर लाल रंग फवारला. “आता धा मिन्टं थांबायचं. रंग चिरंत मुरतोय. कामावर बी आमी धा मिन्टं थांबतो.”

दहा मिनिटं दोन-अडीचशे माणसं गप्प कशी राहणार? काहीतरी बोलणं भाग होतं. संग्रामनं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की बोलायचं आहे ते एकच आहे. कानाच्या पाळ्या तापल्या. संयोगिता त्याच्याकडं बघत होती.

“मला भगंदर हाय,” तो म्हणाला. मग आवाज चढवला. “हितं, बुडाला! दोन वर्सं. गाडी उभ्यानं चालवतो त्यो श्टंट न्हवं. पंगतीत वाढतो ती काय लई हौस न्हवं. मला बसता येत न्हाय. घरात पाठ दुखतीया म्हणून सांगितलं, कामावर कंबर म्हणून. डॉक्टरीण बाईंनी शनवारी बोलावलं हुतं, तर मी हितं येऊन बसलो, का? तर हितं काय दाखवावं लागत न्हाय. तुमी बी त्याच्यापायीच आलायसा की! ह्या म्हाराजाकडं करणी न्हाय, शक्ती न्हाय, काय न्हाय. आपली लाज हाय, त्याच्यावर ह्याचा धंदा हाय.”

मांडवात कुणी हललं नाही. महाराज मात्र हलले. ते चेल्याला खुणेनं गाडी काढायला सांगत होते.

दहा मिनिटं झाली. संग्रामनं तवा पुसला, कोरा केला, सगळ्यांना फिरवून दाखवला. पांढरा डबा हलवला, खुळ खुळ खुळ. फवारला. तव्याच्या काठापासून मध्यापर्यंत एक लालभडक रेघ सरळ चढत आली.

“माज्या तव्यावर करणी?” चिमणाबाईंना घाम फुटला. “आरं, ह्याच्यावरची भाकरी पंधरा वर्सं...”

“आये, ह्याला करणी न्हाय, चीर म्हणत्यात. पोरं दगडावर तवा टाकून पळाली हुती त्या वक्ताची. ईसरलीस?”

मग हलगीवाला आणि आणखी दोघे पुढं झाले आणि त्यांनी पाट उलटा केला. खालच्या बाजूला पिवळ्या रंगाची ठसठशीत फुली होती. संग्रामला ती लांबूनच ओळखू आली. खराब निघालेल्या मालावर फौंड्रीत अशीच फुली मारतात. ज्या पाटाच्या पाया पडायला अख्खा तालुका लोटत होता, तो कुठल्यातरी कारखान्यातून नापास होऊन भंगारात गेलेला तुकडा होता.

महाराज गाडीपर्यंत पोचले होते, पण पाणंदीत एवढ्या मोटारसायकली लावलेल्या होत्या, की गाडी हलेना. पोलीस येईपर्यंत ते स्वतःच्याच भक्तांच्या गर्दीत अडकून राहिले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. संग्राम, संयोगिता आणि चिमणाबाई मात्र तोवर घरी निघाले होते. चिमणाबाई वाटेत एकच वाक्य बोलल्या, “सूनबाई, घरी ग्येल्याव च्या टाक.” आणि थोड्या वेळानं, “तवा मातूर नवा आणा.”

शनिवारी तपासणी झाली. तुकड्याचा अहवाल यायला दहा दिवस लागले. टीबी नव्हता. क्रोन्स होता.

“कुणामुळं झाला वो?” चिमणाबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

“कुणामुळंच नाही, मावशी. नेमका कशानं होतो, हे आम्हालासुद्धा अजून पुरतं कळलेलं नाही.”

“म्हंजे तुमास्नी बी ठावं न्हाय?”

“नाही,” डॉक्टर हसल्या. “जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणते. तुमचे महाराज कधी म्हणाले का असं?”

चिमणाबाईंनी विचार केला आणि मान हलवली.

डॉक्टरांनी वचन काही दिलं नाही. हा आजार मुळासकट जात नाही, काबूत ठेवावा लागतो, औषध वर्षानुवर्षं चालतं, असं स्वच्छ सांगितलं. नळीत पू साठू नये म्हणून एक दोरा ओवून ठेवला. दर काही आठवड्यांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. संग्रामला मनोमन पटलं. लोखंडात आत पोकळी राहिली आणि वरून नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून माल पाठवला, तर तो पुन्हा फुटणारच. दोन वर्षं त्याच्या बाबतीत तेच चाललं होतं, आणि स्वतः क्वालिटीत असून त्यानं ते चालू दिलं होतं.

तुळशीचं लग्न उरकलं आणि कोडोलीत लग्नांचा धडाका सुरू झाला. पहिल्याच लग्नात संग्राम पंगतीत बसला. चार घड्यांची चादर बुडाखाली घेऊन, पण बसला! वाढणारी पोरं थबकून बघत राहिली. पांढरा रस्सा त्यानं बेतानं घेतला, तांबड्याला हात जोडले. वजन पाच किलो वाढलं होतं. संयोगिता समोरच्या ओळीतून त्याच्याकडं बघत होती आणि तिचं जेवण राहून गेलं होतं.

शेजारी हंबीरराव होते. ते हळूच कानाशी लागले, “संग्या, त्या डॉक्टरीण बाईंचा नंबर दे की. एका पावण्याला पायजेल.”

वाचकहो, मी या गोष्टीत फार उपदेश करणार नाही. एवढंच सांगतो. ज्या माणसाला तुमचं दुखणं बघायचंच नाही, त्याला ते बरं करायचंही नाही. दुखतं ते दाखवा. तपासा. प्रश्न विचारा; डॉक्टरांनाही विचारा, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून रिपोर्ट देणाऱ्याला तर सगळ्यात आधी विचारा.

संग्रामनं नंबर दिला नाही. तो म्हणाला, “काका, पावणं कोण? आन् दुखतंय कुठं? मोठ्यानं सांगा.”

हंबीररावांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मिशीवरून हात फिरवला. मग तीस वर्षांत पहिल्यांदा अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते सांगितलं. भाताची परात घेतलेला वाढपी मध्येच थांबला, संग्रामजवळ वाकला आणि म्हणाला, “दादा, त्यो नंबर मलाबी पायजेल.”